गाडी दिली, टायर ठेवले

त्या वर्षी ऑक्टोबरभर आमच्या घरात टायर सोडून दुसरा विषय नव्हता. सकाळी चहाबरोबर टायर, संध्याकाळी जेवताना टायर. माझा नवरा केंजेबेक आयुष्यभर लोकांच्या कवळ्या बनवत आला. त्याला एवढं बोलता येतं हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं.

निमित्त होतं त्या गाडीचं. जपानी, दोन दारांची, रुपेरी रंगाची स्पोर्ट्स कार. आमच्याकडे स्टिअरिंग डावीकडे असतं, हिचं उजवीकडे, जोर सगळा मागच्या चाकांवर, आणि दोन माणसं बसली की तिसऱ्याने चालत यावं. मिसरूड फुटलेली पोरं चालवतात तसली गाडी माझ्या टकल्या नवऱ्याने पन्नाशी उलटल्यावर घेतली आणि रविवारी सकाळी तो तिला कोमट पाण्याने अंघोळ घालायला लागला. आमच्या लेकीला त्याने एकदाही अंघोळ घातली नव्हती, हे मी त्याला ऐकवलं. तो म्हणाला, लेक रडायची, ही रडत नाही.

जुन्या मालकाने गाडीला बारमाही टायर लावून दिले होते. उन्हाळा असो की हिवाळा, तेच. माझं म्हणणं होतं, राहू देत तेच. अल्माटीत बर्फ पडतो, दोन दिवसांत त्याचा चिखल होतो, आणि हा गाडी नेणार कुठे, तर बाजारापर्यंत.

"बारमाही म्हणजे धड उन्हाळ्याचे नाहीत आणि धड थंडीचेही नाहीत," केंजेबेक म्हणायचा. "थंडी वाढली की त्यांचं रबर कडक होतं. साधी गाडी कशीबशी सांभाळून घेते. हिचं ढुंगण लगेच फिरतं."

"मग हिवाळ्यात काढूच नकोस तिला."

"मग घेतली कशाला?"

"तेच तर मी उन्हाळ्यापासून विचारतेय."

शेवटी त्याने हिवाळी टायरच मागवले, बर्फात रुतून पकड घेणाऱ्या खिळ्यांचे. त्या गाडीची मागची चाकं पुढच्यांपेक्षा रुंद, म्हणून ते माप आमच्या बाजारात कुणाकडे मिळेना. नोव्हेंबर संपता संपता कुठून कुठून फिरत ते आले. माझ्या काकडीच्या आणि टोमॅटोच्या बरण्या बाजूला सारून त्याने ते बाल्कनीत रचले. पहिला बर्फ पडला होता, टायरवाल्यांकडे सगळं शहर रांगेत उभं होतं, म्हणून त्याला पुढच्या आठवड्याची वेळ मिळाली.

त्या आधीचा शनिवार आमच्याकडे जेवणाचा होता. हिवाळ्यासाठी घोडा कापला की पहिलं मांस आप्तांना बोलावून खाऊ घालायचं. सगळे आले. केंजेबेकची थोरली बहीण राबिगा आपा आली, तिचा मुलगा दौरेन आला.

आपाबद्दल सांगायला हवं. केंजेबेक पाच वर्षांचा असताना त्यांची आई वारली. आपाने शाळा सोडली, त्याला वाढवलं, शिकवलं, आणि तो हाताशी आल्यावरच स्वतः लग्न केलं. बाईला माहेर असतं तशी माझ्या नवऱ्याला आपा होती. मी रागावले की तो तिच्याकडे जेवायला जायचा, तिथून मऊ होऊन यायचा. एरवी मी कोणाचं ऐकून घेत नाही, पण तिच्यापुढे मीही आवाज खाली ठेवायचे.

दौरेन म्हणजे तिचं उशिरा झालेलं एकुलतं एक. बँकेत कामाला, केसांना चकाकी, बोलणं गोड. जेवण निम्म्यावर आलं तेव्हा तो उठून उभा राहिला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "मामा, मी आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही."

सगळ्यांचे हात ताटात थांबले. आमच्यात भाच्याने मामाकडे तीनदा मागायचं असतं आणि तिन्ही वेळा मामाने नाही म्हणायचं नसतं. पूर्वी भाचे शिंगरू मागत, शिकारी कुत्रा मागत. हल्ली फोन मागतात.

"माग की," केंजेबेक म्हणाला.

"गाडी द्या."

कोणीतरी हसलं. मग लक्षात आलं की पोरगा थट्टा करत नाहीये, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी आपाकडे पाहिलं. वाटलं, ती म्हणेल, अरे, दुसरं काही माग. ती चहाच्या वाटीत बघत बसली होती. पोराचं धाडस तिला आवडलं होतं, ते तिच्या गालांवर दिसत होतं, आणि त्या क्षणी मला तिची चीड आली.

केंजेबेकने खिशातून किल्ली काढली आणि दौरेनच्या हातावर ठेवली. केंजेबेकच्या थोरल्या काकांनी हात पसरून आशीर्वाद दिला. माझा नवरा हसत होता. त्याचं खरं हसू कसं असतं ते मला माहीत आहे. हे ते नव्हतं.

दौरेन त्याच संध्याकाळी गाडी घेऊन गेला. मी भांडी घासताना म्हटलं, "टायर पण देऊन टाकायचे ना. उद्या नेऊन दे."

"त्याने गाडी मागितली. मी गाडी दिली."

"चाकांशिवाय गाडी असते का?"

"आहेत ना तिला चाकं. चार आहेत."

"बारमाही. ज्यांच्याविरुद्ध तू महिनाभर माझं डोकं खाल्लंस."

"हवे असतील तर मागू दे. अजून दोन मागण्या शिल्लक आहेत त्याच्या."

मी हात पुसले आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता. आयुष्यात एकदा स्वतःसाठी म्हणून काही घेतलं होतं, ते भर पंगतीत काढून नेलं गेलं, आणि त्याच्या आपाने पोराला अडवलं नव्हतं. तिच्यावर त्याला रागावता येईना. म्हणून राग त्या चार टायरांवर बसला.

पुढच्या आठवड्यात दौरेनचा फोन आला. "मामा, ते बाल्कनीतले टायर गाडीचेच ना?"

"गाडीच्या मापाचे आहेत."

"मग घेऊन जाऊ?"

"मागतोयस का?"

मग पोरगा हसला. "टायरवर मागणं कोण वाया घालवतं, मामा? ते ठेवतोय मी राखून. आहेत त्यांच्यावरही बर्फात चालतात अशी खूण छापलेली आहे, पोलीस काही म्हणत नाहीत."

"मग झालं तर."

त्या दिवशी केंजेबेक शीळ घालत घरात फिरला. मामा असा, भाचा तसा. दोघांच्यात मिळून एका माणसाची अक्कल नव्हती.

मी दौरेनला परस्पर फोन केला. म्हटलं, मामा कामावर गेला की ये आणि उचलून ने, मी दार उघडते. तर पोरगा म्हणतो, "चोरून नेऊ, मामी? हक्क असताना?" मी म्हटलं, हक्क गुंडाळून चाकाला लाव मग. त्याने फोन ठेवला.

मला काळजी गाडीची नव्हती, आणि तेव्हा दौरेनचीही फारशी नव्हती. पोरगा शहरातच हिंडायचा. मला वाटायचं, हे आपाच्या कानावर गेलं तर काय. केंजेबेकच्या आयुष्यात ती एकच जागा अशी होती जिथे त्याला कधी कमीपणा आला नव्हता. ती जाऊन त्याच्या हाती काय येणार होतं, तर रबर. मी हे त्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, आपाला असल्या गोष्टींत रस नसतो.

जानेवारीत एका सकाळी तिचा फोन आला. केंजेबेक दाढी करत होता, गालांना फेस, म्हणून फोन बेसिनवर ठेवून त्याने आवाज मोठा केला.

"केंजे, आम्ही निघतोय."

"कुठे, आपा?"

"कोर्दायच्या घाटापलीकडे, सासरी. दिराला जाऊन वर्ष झालं, त्याचं जेवण आहे."

"बसने?"

"दौरेनच्या गाडीने. मीही बसतेय तिच्यात."

त्याचा वस्तरा थांबला. मी दारात उभी होते. मी बाल्कनीकडे बोट केलं. त्याने मला आरशात पाहिलं.

"घाटात बर्फ आहे म्हणतात," आपा म्हणाली.

"रस्ता चालू आहे ना?"

"चालू आहे म्हणे. तुला काय वाटतं?"

मी परत बोट केलं. तोंडाने आवाज न करता म्हटलं, सांग. थांबा म्हणून सांग.

"सावकाश जा, आपा," तो म्हणाला.

"बरं." ती फोन ठेवीना. "अजून अंगणातच आहोत आम्ही. दौरेन काचेवरचा बर्फ खरवडतोय. घाई नाहीये."

"पोचल्यावर फोन कर."

"करते," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने फोन बंद झाला.

मी ओरडले. टॅक्सी बोलाव, टायर घाल, तासाभराचं काम आहे, म्हातारी बाई आहे ती. तो फेस पुसत म्हणाला, "पोरगा एवढा मोठा झालाय. आईला घाटातून न्यायचंय तर माग म्हणावं तोंडाने." एवढं बोलून तो आत गेला, पण कामाला निघताना त्याने मफलर उलटा गुंडाळला होता.

कोर्दायच्या उतारावर वारा बर्फ घासून नेतो आणि खाली नुसती काच उरते. वळणावर गाडीचं मागचं अंग फिरलं. समोरून ट्रक येत होता. आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत शेजारी बसलेलं माणूस रस्त्याच्या मधल्या बाजूला असतं. दौरेनचं नाक मोडलं. आपाचं कंबरेचं हाड असं मोडलं की अल्माटीच्या डॉक्टरांनी दोनदा उघडून पाहिलं आणि म्हणाले, बसतं करू, चालतं होणार नाही.

दवाखान्यात नातेवाइकांची रीघ लागली. कोणी वाऱ्याला दोष दिला, कोणी जपान्यांना, कोणी म्हणालं नजर लागली. दौरेन नाकावर पट्टी लावून कोपऱ्यात बसायचा आणि मामाकडे बघायचा नाही. मामा भाच्याकडे बघायचा नाही. केंजेबेक रोज रस्सा घेऊन जायचा, चमच्याने भरवायचा. घरी आल्यावर न जेवता झोपायचा. मी म्हटलं, सांगून टाक तिला. दुसऱ्या दिवशी म्हटलं, सांगू नकोस, आता सांगून काय. दोन्ही म्हणून पाहिलं.

एका दुपारी आपाजवळ आम्ही दोघंच होतो. रस्सा संपला होता. केंजेबेकने वाटी खाली ठेवली आणि म्हणाला, "आपा, ते टायर माझ्याकडेच होते."

"बाल्कनीत," आपा म्हणाली. "माहीत आहे मला."

"दौरेनने सांगितलं?"

"पहिल्याच आठवड्यात. मी त्याला म्हटलं, मागू नकोस. तुझा मामा स्वतः घेऊन येईल." तिचा आवाज तापलेला नव्हता, थकलेला होता. "डिसेंबर गेला. मी म्हणायचे, कामात असेल."

केंजेबेकने मान खाली घातली.

"मग मी म्हटलं, पोरावर रागावलाय. असू दे, गाडी मोठी मागितली पोराने, मीच तेव्हा अडवायला हवं होतं. पण मी गाडीत बसतेय कळलं तर येईल. म्हणून तुला फोन केला. काच खरवडून झाली, तरी मी दौरेनला अंगणात थांबवून ठेवलं. तो म्हणत होता, उशीर होतोय आई. मी म्हटलं, थांब जरा, मामा येतोय."

खोलीत शेजारच्या पलंगावरची बाई घोरत होती. मला आपाचाही संताप आला. एवढं कळत होतं तर सरळ का नाही बोललीस बाई, टायर आण म्हणून? बसने का नाही गेलीस? पण या घराण्यात तोंडाने कोणी मागत नाही, आणि मागतं तेव्हा गाडी मागतं. मी यातलं काही बोलले नाही. तिच्या पांघरुणाखाली पाय कसे सपाट पडले होते ते दिसत होतं.

"किती वेळ थांबलात?" केंजेबेकने विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"उल्बिके," आपा मला म्हणाली, "मला भिंतीकडे वळव."

केंजेबेक पुढे झाला. त्याने हात पुढे केले.

"तू नको."

मी एक हात तिच्या खांद्याखाली घातला, एक कंबरेच्या वर, नर्सने दाखवला होता तसा, आणि तिला वळवलं. ती कण्हली नाही. उशी नीट केली. केंजेबेक हात तसेच धरून उभा होता.

"उद्या येतो, आपा," तो म्हणाला.

"उल्बिके येईल," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

तेव्हापासून मीच जाते. तो पहाटे उठून रस्सा करतो, डबा भरतो, मला बसपर्यंत सोडतो. आपा सगळा रस्सा पिते, आणि कोणी केलाय ते विचारत नाही.