डब्यातला फोन

आमच्या गावात संध्याकाळी साडेसहा ते सात वाजून पाच मिनिटांपर्यंत कुणी फोन उचलत नाही. सोयऱ्यांना, दूधवाल्यांना, चांदूर बाजारच्या दुकानदारांना, सगळ्यांना हे माहीत आहे. त्या पस्तीस मिनिटांत फाट्यावरची चहाची टपरीसुद्धा बंद असते. गावाला याचा अभिमान आहे. मलाही होता.

ती वेळ सामुदायिक प्रार्थनेची. मंदिराच्या सभामंडपात सरळ रांगा, दोन माणसांमध्ये हातभर अंतर. एकदा सुरू झाली की शेवटच्या जयघोषापर्यंत कुणी उठायचं नाही. तान्हं मूल रडलं तरी आई त्याला बसल्या जागीच थोपटते. पहिल्या रांगेत डाव्या टोकाला माझे वडील, खुशालराव, बसतात आणि प्रार्थना सांगतात. मी अकरा महिन्यांची असताना मेंदूज्वर होऊन अमरावतीच्या दवाखान्यात होते. तेव्हा त्यांनी देवाला शब्द दिला, पोरगी वाचली तर एकही प्रार्थना चुकवणार नाही. मी वाचले. औषधांनी वाचले, हे पुढे शिकल्यावर मला कळलं. पण त्यांनी शब्द दिला होता, आणि तीस वर्षं पाळला.

तीन वर्षांपूर्वी ऐन मौनाच्या वेळी मंडळाचे अध्यक्ष उत्तमराव यांचा फोन वाजला. वाजली ती लावणी. बाया तोंडाला पदर लावून हलत राहिल्या. दुसऱ्या दिवशी उत्तमरावांनी स्वतःच बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा आणला आणि खांबाजवळच्या कोनाड्यात ठेवला.

"फोन बंद करा अन् यात टाका. देवाशी बोलतानी मंधात कोणी नाई पायजे."

"तुमच्या लावणीवाल्या बाईले बी सांगा," मागून कुणीतरी म्हणालं, आणि मंडप पुन्हा हसला.

त्याच सुमारास आईची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, अमरावतीला. शुक्रवारी सकाळची पाळी मिळाली, तिला बाबा न्यायचे आणि दुपारपर्यंत परत आणायचे. मंगळवारी दुपारचीच पाळी होती. बाबांची प्रार्थना चुकली असती, म्हणून मंगळवार मी घेतला. मी अकोल्याला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. सुट्टी मंगळवारी मागून घेतली. सकाळच्या गाडीने अमरावती, मग आईजवळ चार तास, मग तिला घेऊन गावाकडे. पावणेदोन वर्षं मी हे केलं.

गेल्या मार्चमध्ये एका मंगळवारी मी गेले नाही. लॅबमधल्या रश्मीच्या घरी साखरपुडा होता, तिने पाळी बदलून मागितली. मी आईला फोन केला.

"एक मंगळवार जाशील एकटी?"

"मी का लेकरू हावो? जातो ना. तुहे बाबा येतीन फाट्यावर घ्याले."

बाबांनीही तिला तसं सांगितलं होतं. बस नेहमी सव्वासातला फाट्यावर येते, म्हणजे प्रार्थना होऊन दहा मिनिटं उरतात. "आधी उतरलीस तर फोन कर. मी असन तिथून निघतो." हे वाक्य आईने मला त्याच फोनवर हसत सांगितलं. तिला ते आवडलं होतं. असन तिथून.

त्या दिवशी एक रुग्ण आला नाही, म्हणून आईला तासभर आधी मशीनवर घेतलं. तिला आधीची बस मिळाली आणि ती साडेसहाला फाट्यावर उतरली. टपरी बंद होती. गावापर्यंत दीड किलोमीटर रस्ता, आणि तिला चालणं जमत नसे. ती टपरीसमोरच्या सिमेंटच्या बाकावर बसली. बसमधून उतरताना दांडा डाव्या हाताने धरला असावा, कारण सुई टोचलेली जागा उघडली.

ही जागा साधी नसते. डायलिसिससाठी हाताची शीर धमनीला जोडलेली असते, तिथे रक्ताला जोर असतो. त्यात मशीनवर रक्त गोठू नये म्हणून औषध दिलेलं असतं. उपाय मात्र साधा आहे. त्या जागी अंगठा दाबून धरायचा, पंधरा मिनिटं, मध्ये सोडायचा नाही. आईला हे माहीत होतं. तिने पदराचा बोळा करून उजव्या हाताने दाबलाही होता. पण फोन करायचा तर उजवा हात सोडावा लागत होता.

सात वाजून दहा मिनिटांनी बाबा स्कूटर घेऊन फाट्यावर पोचले. चांदूर बाजारच्या दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली होती.

दुसऱ्या दिवशी नातेवाइकांना कळवायला मी बाबांचा फोन घेतला. त्यात आईचे तीन मिस्ड कॉल होते. सहा एकेचाळीस, सहा चव्वेचाळीस, सहा बावन्न. फोन बंद असता तर ते असे दिसले नसते.

"बाबा, फोन चालू होता?"

"डब्यात होता," ते म्हणाले, आणि बाहेर माणसांत जाऊन बसले.

अंत्यसंस्कार चार वाजता झाला. साडेसहाला बाबा पहिल्या रांगेत डाव्या टोकाला होते. आमची शेजारीण रूपाली मला जवळ घेऊन म्हणाली, "काय निष्ठा वो बाई तुमच्या बाबांची!" आईने सहा सत्तेचाळीसला रूपालीलाही फोन लावला होता. तिचा खरोखरच बंद होता, कॉलचा मेसेज तिला नंतर आला.

तेराव्यानंतर एका दुपारी मी मोकळ्या मंडपात गेले. बाबांचा फोन घरून आणला होता. आवाज बंद, थरथर चालू, नेहमी असतो तसाच. तो डब्यात ठेवला, झाकण लावलं, बाबांच्या जागेवर मांडी घालून बसले आणि माझ्या फोनवरून त्याला फोन लावला. पत्रा वाजला. भुंगा डब्यात अडकून भिंतींवर धडकावा तसा. मी तीन वेळा करून पाहिलं. दुसऱ्या रांगेत बसून पाहिलं, मधल्या खांबाच्या मागे बसून पाहिलं. सगळीकडे ऐकू येत होतं.

म्हणजे ऐकलं सगळ्यांनी. आणि फोन कुणाचा हे बाबांना कळलं असणार, कारण त्या वेळी त्यांना फोन करणारी एकच बाई होती.

वर्षभर मी दर पंधरा दिवसांनी घरी जात राहिले. त्यांच्या गोळ्या आणायचे, तुरीच्या डाळीचे डबे भरून ठेवायचे, आणि वाट पाहायचे. मला त्यांच्याकडून एक वाक्य हवं होतं. मी ऐकलं होतं, एवढंच. ते मिळालं तर मी या घरात येत राहीन, नाही तर वर्षश्राद्धानंतर येणार नाही, असं मी ठरवलं होतं. बाबा माझ्याशी पाऊसपाणी बोलायचे, आणि सव्वासहा झाले की टोपी घालून निघायचे.

इथे एक नोंद लिहायची राहिली आहे. ती मी मुद्दाम मागे ठेवली होती, स्वतःपुरतीसुद्धा.

आईचा पहिला फोन सहा तेहतीसला होता आणि तो मला होता. माझ्या हातात मोजे होते, संध्याकाळचे नमुने मशीनमध्ये लावायचे होते. पडद्यावर 'आई' दिसलं. मी कोपराने तो कापला. कापला की आपोआप एक संदेश जातो, 'कामात आहे, नंतर करते.' मी उचलला असता तर मला अकोल्याहून एकच वाक्य म्हणायचं होतं. फोन ठेव आणि हात दाबून धर. पाच सेकंदांचं वाक्य आहे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

या मार्चमध्ये वर्षश्राद्धानंतर तिसऱ्या दिवशी मंडळाने बाबांचा सत्कार ठेवला. तीस वर्षांचा अखंड नेम. मंडपाला केळीचे खांब बांधले होते. मी आल्याबरोबर फोन डब्यात टाकला आणि बायांच्या बाजूला शेवटच्या रांगेत बसले. सहाला उत्तमराव बोलायला उभे राहिले.

"मंडळी, आपण एक दिवस घरी पावना आला तं प्रार्थना बुडवतो. अन् हा माणूस! वयनी गेल्या त्या दिवशी बी इथंच होता. बिचाऱ्याचा फोन बंद, त्याले काय मालूम तिकडं काय होऊन राह्यलं. देवानंच परीक्षा घेतली म्हणा."

शाल घातली, नारळ दिला. बाबांना बोलायला सांगितलं. ते कधी भाषण करत नाहीत. त्यांनी माईक हातात घेतला आणि थोडा वेळ डब्याकडे पाहत राहिले.

"बंद नव्हता," ते म्हणाले. "माहा फोन चालू होता. डब्यात वाजला. तीन बार वाजला. मी आइकला." मग जरा थांबून, "तिचाच होता हे मले मालूम होतं. तिले मी शब्द देला होता का फोन कर, असन तिथून निघतो. नाई उठलो."

माझं वाक्य मला मिळालं. दोनशे माणसांसमोर मिळालं. मला वाटलं, आता दुसरं कुणीतरी उठेल आणि म्हणेल, मीही ऐकला होता.

उत्तमराव उठले. त्यांनी डोळे पुसले.

"आइकलं का मंडळी? आइकूनई उठले नाई! बायको एकीकडं, देव एकीकडं. याले म्हणतेत नेम!"

मागच्या रांगेतून टाळी वाजली. मग सगळ्या मंडपातून. रूपाली माझा हात दाबून रडत होती. बाबा शाल खांद्यावर घेऊन तसेच उभे होते. त्यांचा माईक धरलेला हात खाली आला. ते काही म्हणत होते, ओठ हलत होते, पण टाळ्यांत ते ऐकू आलं नाही. तेवढ्यात साडेसहाची घंटा झाली. टाळ्या थांबल्या, रांगा सरळ झाल्या, आणि बाबा आपल्या जागी बसून प्रार्थना सांगू लागले. आवाज नेहमीसारखा होता.

समोरच्या भिंतीवर घड्याळ आहे. मी त्याच्याकडेच पाहत होते. सहा एकेचाळीसला बाबा ओळीच्या मध्येच थांबले. शाल काढून घडी केली, जागेवर ठेवली, आणि उठले. रांगेसमोरून, सगळ्यांच्या पुढ्यातून, दाराकडे गेले. उत्तमरावांनी पुढची ओळ उचलली. दोनशे आवाज त्यांच्यामागे गेले. एकही डोळा उघडला नाही.

मीही लगेच उठले नाही. चार मिनिटं बसून राहिले. ही बसून राहायची सवय किती खोल असते ते मला तेव्हा कळलं.

फाट्यावर टपरी बंद होती. बाबा बाकावर बसले नव्हते, बाकाशेजारी उभे होते. चालत आल्यामुळे त्यांना धाप लागली होती.

"काहून आली? प्रार्थना अर्धी टाकून?"

"तुम्ही टाकली."

"मी एक साल उशिरा टाकली." त्यांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. "टाळ्या पिटल्या पाह्य त्यायनं."

वर्षभर जुळवून ठेवलेलं मी बोलले. पहिल्या कॉलपासून शेवटच्या कॉलपर्यंत अकरा मिनिटं, स्कूटरवर फाटा तीन मिनिटांचा, आणि काहीच करायचं नव्हतं, फक्त अंगठा दाबून धरायचा होता. प्रत्येक फोनसाठी तिने हात सोडला, हेही बोलले.

"मालूम हाय."

"आणि रोज जाऊन बसता तिथे. काय मागता देवाला?"

"काईच नाई मांगत. पयले तो आइकते असं वाटे. आता मी बोलतो अन् डबा आइकू येते." त्यांनी गावाकडे पाहिलं. "तुह्यासाठी बसलो होतो मी तिथं सुरुवातीले. तू एवढुशी होतीस."

त्यांनी खिशातून आईचा फोन काढला. बटणांचा, काळा, एका कोपऱ्यात डाग असलेला. तो चालू होता. म्हणजे ते वर्षभर तो चार्ज करत होते.

"यात पयला फोन कोणाले हाय, पाह्य."

मी तो हातात घेतला नाही. "सहा तेहतीस," मी म्हणाले.

"मंग तुलेई मालूम हाय."

रस्त्यावरून संत्र्यांच्या रिकाम्या क्रेट भरलेला एक ट्रक गेला. त्याची धूळ बाकावर बसली.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"त्याच दिवशी पाह्यलं. तुहा मेसेज बी होता त्यात. कामात हाय म्हणून."

"मग बोलला का नाहीत? वर्षभर मी तुमच्याशी कशी वागले."

"तुले रागावाले कोणीतरी पायजे होतं ना," बाबा म्हणाले. "मी होतोच."

गावाकडून जयघोष ऐकू आला. तीन वेळा, नेहमीसारखा. आता रांगा मोडतील, माणसं कोनाड्याजवळ गर्दी करतील, आपापला फोन ओळखून घेतील.

"संपली," बाबा म्हणाले. "चाल. तुहा फोन बी डब्यात असन."

आम्ही चालू लागलो. त्यांना धाप लागत होती, म्हणून हळू. वळणावर त्यांनी विचारलं, "बंद करून टाकला होता का?"

"हो."

त्या वेळी मला फोन करणारं आता कुणी उरलं नव्हतं.