माउसला हात न लावता

पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूममध्ये ताईंची अठरा वर्षं गेली होती. समोरच्या कॉम्प्युटरवर कायम तीन विंडो उघड्या असत: एक पंपांची, एक टाक्यांच्या पातळीची आणि एक तक्रारींची. दिवसभर ह्या खिडकीतून त्या खिडकीत उड्या.

त्या मंगळवारी दुपारी त्यांना टाक्यांची विंडो हवी होती. उजवा हात थरथरला, बाण भलतीकडे सरकला आणि मोठ्या पंपाच्या ‘बंद’वर क्लिक झालं. ‘खात्री आहे?’ असं स्क्रीनवर आलं. ‘नाही’वर बाण नेताना तो ‘हो’वरच घुटमळू लागला. ताईंनी माउस सोडून डाव्या हाताने एस्केप दाबलं. पंप चालूच राहिला.

वडिलांचा हात असाच थरथरायला लागला होता. शेवटी शेवटी त्यांना स्वतःच्या शर्टाची बटणंही लावता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी, खोलीत कोणी नसताना, ताईंनी डेस्कटॉपवर तीन शॉर्टकट केले. प्रत्येकाच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन बटणं ठरवली. कंट्रोल, ऑल्ट आणि पी दाबलं की पंप, टी दाबलं की टाक्या, सी दाबलं की तक्रारी. आत गेल्यावर बाणांच्या बटणांनी काम भागे. अकरा दिवस माउस कोपऱ्यात पडून राहिला. झाकली मूठ झाकलेली राहिली. पण कोणी मागून खुर्ची सरकवली, तरी त्या झटकन हात मांडीवर घेत.

बाराव्या दिवशी इंजिनिअर साहेब तपासणीला आले. डेस्कटॉपवर हा पसारा कोणी मांडला, असं पुटपुटत त्यांनी पहिला आयकॉन उडवलासुद्धा. मग बाण दुसऱ्यावर गेला. आयकॉन गेले की ठरवलेली बटणंही जाणार; गप्प बसलं तर उद्या पुन्हा माउस हातात येणार होता. आणि त्या पंपावर अर्धं गाव होतं.

“साहेब, ते काढू नका,” त्या म्हणाल्या. “माझा हात थरथरतो.”

साहेबांनी माउस सोडला. कधीपासून, पंपाला काही झालं का, एवढंच त्यांनी विचारलं. ताईंनी मंगळवारचं सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. डॉक्टरांचा कागद येईपर्यंत ताईंनी तक्रारींचा फोन सांभाळायचा, पंपांना हात लावायचा नाही, असं ठरलं. ताईंना वाईट वाटलं. पण छातीवरचा धोंडा जरासा हललाही.

डॉक्टरांनी दोन तपासण्या लिहून दिल्या. वडिलांचंच दुखणं असेल असं नाही, म्हणाले, पण नसेल असंही म्हणाले नाहीत. दवाखान्याच्या पायरीवर बसून ताईंनी नवऱ्याला फोन लावला आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं.



“तिथंच थांब,” तो म्हणाला. “मी निघालोय.”

भीती होतीच. ताई पिशवी मांडीवर घेऊन त्याची वाट बघत बसल्या.