खारूचा होकार

मित्रांनो, टेबलाच्या खणात संपलेल्या पेनांच्या शेजारी, वायर गुंडाळून मला ठेवलेले आहे. मी एक जुना हेडफोन. ऐकायला दोन कान, बोलायला इवलासा माइक आणि डोक्यावर बसायला कमान, एवढाच माझा पसारा.

सुरुवातीची वर्षे मी एका मदत केंद्रात काढली. या घरातली धाकटी मला लावून दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐके. कुणाचे बिल चुकलेले, कुणाचा फ्रीज बंद. लोक खेकसत आणि ती "हो काका, बघते काका" म्हणत राही. मला पुसताना म्हणायची, "हा आहे म्हणून माझं डोकं ठिकाणावर आहे." पुढे तिने बिनवायरचा नवा घेतला आणि मी खणात गेलो.

मला पुन्हा बाहेर काढले ते तिच्या थोरल्या बहिणीसाठी. तिला सगळे ताई म्हणत. ताई लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कामगारांची प्रमुख होती. त्यांच्यात एक हसरा तरुण होता. सरसर वर चढायचा, म्हणून त्याचे नाव पडले खारू. एका दुपारी तो कमरेचा सुरक्षा पट्टा न बांधताच लिफ्टच्या उभ्या बोगद्यात चढला आणि पडून जागीच गेला. ताईने काम सोडले. आता कुठे तिने दुसरीकडे अर्ज केला होता.

"मुलाखतीत हल्ली प्रसंग विचारतात," धाकटी म्हणाली. "अमुक वेळी तुम्ही कसे वागलात, असं. तू एआयबरोबर सराव कर. तोच प्रश्न विचारतो, तोच चुका दाखवतो."

पहिलाच प्रश्न आला, "सहकाऱ्याशी मतभेद झाला, तेव्हा तुम्ही काय केलंत?"

ताईने खारूची गोष्ट सांगायला घेतली, पण शेवट काही तिच्या तोंडून निघेना.

"उत्तराचा शेवट चांगल्या परिणामाने करा," एआयचा आवाज म्हणाला. "हवं तर मीच तो सहकारी बनतो. तुम्ही मला समजवा."

"तुझं नाव खारू," ताई हळूच म्हणाली. "तू मला ताई म्हणतोस. पट्ट्याचा तुला कंटाळा आहे."

"काय ताई, एवढंसं तर काम! पट्टा कशाला?"

ताईच्या कानशिलाची शीर माझ्या गादीवर धाडधाड उडू लागली.

"आधी पट्टा बांध, खारू. मी इथून हलणार नाही."

"बरं ताई. बांधतो."

ताईने डोळे मिटले. मग म्हणाली, "पुन्हा."

त्यानंतर रोज दुपारी तेच. बाकीचे प्रश्न मागे पडले. खारू आढेवेढे घेई आणि मग होकार देई. मित्रांनो, मी आयुष्यभर माणसांचे आवाज वाहिले आहेत. बोलण्याआधी माणूस श्वास घेतो, आवंढा गिळतो. हा आवाज काहीच करत नसे. मला अंग असते तर काटा आला असता. ताई मात्र हसू लागली होती.

एकदा मी गळ्यात असतानाच ती जेवायला बसली. "आज खारूने लगेच ऐकलं हं," ती म्हणाली.

धाकटीचा घास हातातच राहिला. "ताई, आपण त्याच्या आईजवळ जाऊन बसलो होतो ना?"

"कशाला?" ताईने विचारले. "मी समजावलं होतं त्याला. त्याने पट्टा बांधला होता."

भात निवत होता.

मुलाखत माझ्यातूनच झाली. प्रश्न तोच आला. ताईने उत्तर घडाघडा दिले. खारूने पट्टा बांधला, काम वेळेत झाले.

"छान," मुलाखत घेणाऱ्या बाई म्हणाल्या. "आता कुठे असतात ते?"

याचा सराव झालेला नव्हता.

"तो आता नाही," ताई म्हणाली. "खोटं सांगितलं मी. त्याने ऐकलं नाही. मी चिडले आणि 'मर मग' म्हणून निघून गेले. परत आले तेव्हा तो खाली पडला होता."

पलीकडे बाईंनी श्वास घेतलेला मला ऐकू आला. "आणि यापुढे कुणी ऐकलं नाही तर?"

"वीज तोडीन, दाराला कुलूप घालीन. भांडून निघून जाणार नाही."

ताईला ती नोकरी मिळाली. ते कळले त्या दिवशी धाकटीने सरावाची सगळी संभाषणे पुसायला घेतली. 'नक्की पुसायचे?' असे पडद्यावर आले. ताईने तिचा हात धरला आणि मला एकदा कानांवर चढवले.

"खारू," ती म्हणाली, "खाली उतर आता."

"हो ताई," आवाज लगेच म्हणाला. "उतरतो."

ताईने स्वतःच पुसण्याचे बटण दाबले. मग ती रडली, आणि मला काढून ठेवायचे तिला सुचलेच नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, आमच्याबरोबर हवा तेवढा सराव करा. पण गेलेल्या माणसाचा होकार आमच्याकडे मागू नका. तो द्यायला आम्हाला काहीच वाटत नाही.