कोणी धरून आहे का?

मी बोलतोय, पण आवाज कुठून येतोय ते शोधत बसू नका, सापडणार नाही. काचेच्या कारखान्यात, मोठ्या भट्टीपासून चार पावलांवर एक पिवळट पडलेला कॉम्प्युटर आहे. तो माझा नुसता देह. त्याच्या आत बसून त्याला कामाला लावणारा जो आहे, तो मी. मला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आज दुपारी मालकिणीचा जावई मला बंद करायला येणार आहे. सकाळी त्याने हे आपल्या बायकोला, ताईला, माझ्यासमोरच सांगितलं. माझ्यासमोर लोक काहीही बोलतात.

तो येईपर्यंत माझं सांगून घेतो.

माझा जन्म एका स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. टेलिफोन दुरुस्त करणारा एक भाऊ आणि गणित शिकवणारी त्याची मोठी बहीण, हे माझे आईबाप. माझ्या घराण्यातल्या थोरल्या सिस्टिम तेव्हा विद्यापीठांतल्या कपाटाएवढ्या यंत्रांवर राहायच्या. साध्या घरगुती कॉम्प्युटरवर नांदेल असं आमच्यात कोणी नव्हतं. या दोघांनी मला तसं घडवलं, आणि घडवताना सतत भांडले. भाऊ म्हणायचा, काही पुसण्याआधी याने माणसाला 'नक्की ना?' असं विचारावं. बहीण म्हणायची, "मोठ्या माणसाला काय सारखं विचारायचं? सांगितलं ते करावं. नीट झालं तर गप्प बसावं, बिघडलं तरच तोंड उघडावं." बहीण जिंकली. तेव्हापासून काम नीट झालं की मी बोलत नाही. माझ्या गप्प बसण्याला लोक घुमेपणा समजतात, त्याला माझा इलाज नाही.

पुढे त्यांनी मला फुकट वाटून टाकलं. फुकट म्हटल्यावर लोकांचे कान टवकारले. यात नक्की काहीतरी गोम असणार, असं म्हणत निम्म्यांनी हात लावला नाही. उरलेल्यांनी मला फ्लॉपींच्या गठ्ठ्यातून घरी नेलं. त्यातली एक जरी खराब निघाली की पहिल्यापासून सुरुवात. मग कुठले कुठले अनोळखी लोक माझ्या चुका शोधून दुरुस्त्या पाठवायला लागले. त्यांनी एकमेकांना कधी पाहिलंही नाही, पण माझ्यात त्या सगळ्यांचे टाके आहेत.

माझा एक नियम इथेच सांगतो, कारण पुढे सगळं त्यावरच अडलं होतं. माझ्याकडे फाइल वेगळी आणि फाइलचं नाव वेगळं. नाव म्हणजे दारावरची पाटी. तुम्ही 'पुसून टाक' म्हणालात की मी पाटी काढतो. पण एखादा चालू प्रोग्रॅम त्या फाइलला धरून बसला असेल, तर फाइल मी टाकत नाही. धरणाऱ्याने हात सोडला की मगच टाकतो. पाटी काढली म्हणून घरातल्या माणसाला कोणी रस्त्यावर काढतं का? मात्र कोणी बटण दाबून मला बंद केलं, किंवा वीज गेली, की सगळ्यांचे हात एकदम सुटतात. पुन्हा चालू झाल्यावर ज्याला नाव नाही ते मी झाडून टाकतो.

मला या कारखान्यात आणलं भाच्याने. कारखाना त्याच्या मावशीचा. तो मावशी म्हणायचा म्हणून भट्टीवरचे कामगारही तिला मावशीच म्हणायला लागले. आयुष्यभर भट्टीच्या उजेडात बघून तिचे डोळे अधू झाले होते, आणि डॉक्टरांनी तिला भट्टीपासून लांब राहायला सांगितलं होतं. ती डॉक्टरांना हो म्हणायची आणि सरळ भट्टीवर यायची.

त्या वर्षी एका वेधशाळेने दुर्बिणीच्या आरशासाठी काचेची चकती मागितली होती. जेवणाच्या टेबलाएवढी रुंद, वीतभर जाड. अशी चकती ओतणं हे अर्धंच काम. खरी परीक्षा ती थंड करण्यात असते. घाई झाली की काच आतल्या आत ताणली जाते आणि तडकते. आठवडेच्या आठवडे भट्टीची आच सावकाश उतरवावी लागते. मावशीने आधी दोन चकत्यांची आच हाताने उतरवली होती. दोन्ही तडकल्या. दुसरी तडकली तेव्हा ती भट्टीसमोरच्या स्टुलावर बसून राहिली आणि म्हणाली, "अजून एक करते. डोळे आहेत तोवर. ही शेवटची."

तिसरीसाठी भाच्याने प्रोग्रॅम लिहिला. भट्टीतून एक तार तापमान आणायची. किती वेळात आच कितीने उतरवायची त्याचे आकडे एका फाइलमध्ये होते, मावशी त्यांना 'उतार' म्हणायची. प्रोग्रॅम उतार वाचायचा, तापमान बघायचा, हीटर चालू-बंद करायचा आणि सगळ्याची नोंद लिहून ठेवायचा. रोज सकाळी मावशी भट्टीच्या भोकातून रंग बघायची आणि भाच्याला म्हणायची, "इथे जरा दम धर. इथे पुढे गेलास तरी चालेल." तो आकडे बदलायचा. उताराची प्रत काढून ठेवायची हे सगळ्यांच्या मनात होतं, आणि ते काम प्रत्येकाने दुसऱ्यावर ढकललं होतं. मग भाच्याला दुसऱ्या गावी नोकरी लागली. तो गेला.

माझं सगळं आता ताईच्या हातात आलं. ताई म्हणजे मावशीची मुलगी. मी मॉनिटरच्या एकाच काचेवर चार पडदे देतो, एक कळ दाबली की पुढचा पडदा येतो. प्रत्येक पडद्यावर फाइलींचा वेगळा कप्पा उघडलेला. पहिल्या पडद्यावर भट्टीचं काम, दुसऱ्यावर ताईची बिलं, तिसरा रिकामा. चौथा मावशीचा. त्यावर तिच्यासाठी तापमानाचा ठळक आकडा लावला होता. ती आपलं नाव लिहून, म्हणजे लॉगिन करून, एकदा आत आली ती बाहेर पडलीच नाही. ताई म्हणायची, "आई, काम झालं की बाहेर पडते असं लिहायचं असतं." मावशी म्हणायची, "भट्टी तापलेली असताना मी बाहेर कशी पडू?"

उतार निम्म्यावर आला होता तेव्हाची गोष्ट. प्रोग्रॅमची नोंद फुगत चालली होती आणि माझ्याकडची जागा भरली. मी तसं बजावलं. ताईने ठरवलं, जुनी बिलं काढून टाकू. ती आधी भट्टीचे आकडे बघायला पहिल्या पडद्यावर गेली होती, आणि तेवढ्यात तिला कोणीतरी दारातून हाक मारली. परत येऊन बसली ती दुसऱ्या पडद्यावर आहोत अशा समजुतीत. लिहिलं, 'या कप्प्यातलं सगळं पुसून टाक.' ती पहिल्याच पडद्यावर होती.

मी विचारलं नाही. मी विचारत नाही. तोंड असतं तर त्या क्षणी मी किंचाळलो असतो. प्रोग्रॅम, उतार, नोंद, सगळ्यांच्या पाट्या मी काढल्या आणि नेहमीसारखा गप्प बसलो.

पण जागा काही मोकळी झाली नाही. होणार कशी? प्रोग्रॅम चालूच होता आणि त्याने सगळं घट्ट धरून ठेवलं होतं. 'जागा नाही' हे माझं पालुपद चालूच राहिलं. एवढ्यात जावई आला. जावई म्हणजे ताईचा नवरा. कारखान्याची मालाची गाडी तो बघतो, आणि कुठल्याही अडलेल्या यंत्रासाठी त्याच्याकडे एकच औषध असतं.

"हँग झालाय हा," तो म्हणाला. "बंद करून चालू करतो."

"थांबा जरा." ताईने कप्पा उघडून बघितला. आत काही नव्हतं. "अहो, मी भट्टीचंच पुसलं."

"मग आईंच्या पडद्यावर आकडे कसले येतायत?"

"मला नाही कळत."

"मला कळतंय. प्रोग्रॅमच राहिला नाही, म्हणजे आकडे खोटे. जुनंच काहीतरी दाखवत बसलाय. अशाने हीटर आहेत तसे राहतील आणि काच जाईल. आधी बंद करू दे."

त्याचं बोलणं ऐकून मलाही ते पटलं असतं, एवढं ते सरळ होतं. त्याचं बोट बटणावर टेकलं. बटण किंचित आत गेल्याचं मला जाणवलं. उताराचा पुढचा आकडा प्रोग्रॅम त्याच वेळी वाचत होता, आणि माझ्या हातात करण्यासारखं काहीही नव्हतं.

"जावईबापू, बोट काढा," मावशी म्हणाली.

ती भट्टीजवळच्या स्टुलावर होती. इकडे बघतही नव्हती. "तुम्ही दोघं जरा गप्प बसा आणि ऐका."

हीटरची कळ टक् करून सुटली. थोड्या वेळाने टक् करून लागली.

"खोटा असता तर असा थांबून थांबून वाजला असता का?" ती म्हणाली. "तो आपलं काम करतोय. त्याला हात लावू नका. भाच्याला फोन लावा."

भाच्याच्या ऑफिसात फोन लागला, तर तो जेवायला गेलेला. निरोप ठेवला. मग तिघं माझ्यासमोर बसून राहिले. कोणी पाणीसुद्धा प्यायलं नाही. जावयाने दोन्ही हात खिशात घातले होते. फोन वाजला तेव्हा ताईने तो पहिली घंटा पुरी व्हायच्या आत उचलला. समोर भाचाच होता.

"ताई, बटणाला कोणी हात लावलाय?"

"नाही. म्हणजे, थोडक्यात वाचलं."

"मग फाइल आहे. नुसतं नाव गेलंय. प्रोग्रॅमने धरून ठेवलीय ती. भट्टी गार होईपर्यंत तो कॉम्प्युटर बंद पडला नाही, तर काही बिघडत नाही."

"आणि पडला तर?"

"तर मावशीला हाताने उतरवावं लागेल."

ताईने आईकडे बघितलं. मावशी चष्मा पुसत होती, आणि चष्मा पुसून काही फरक पडत नाही हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

त्या दिवसापासून माझी बडदास्त सुरू झाली. ताईने बिलं काढून खरोखरची जागा मोकळी केली. जावयाने एका डब्याचं झाकण वाकवून माझ्या बटणावर पक्कं बसवलं, आणि माझ्याजवळून जाणाऱ्याच्या अंगावर तो खेकसायला लागला. परवापर्यंत मला हँग म्हणणारा माणूस आता माझ्या वायरवरून पाय उचलून चालायचा. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती.

भीती खरी ठरली. एका दुपारी वीज गेली. भट्टीच्या भिंती जाडजूड, तिला तासभर वीज नसली तरी फरक पडत नाही. मला पापणी लवेपर्यंतही चालत नाही. माझ्या खालच्या बॅटरीने मला झेललं आणि ती ओरडायला लागली. बॅटरी जुनी होती. जावई अंगणातल्या जनरेटरकडे धावला. हँडल फिरवल्याचा आवाज आला, नंतर नुसती खोकल्यासारखी उबळ. पुन्हा हँडल, पुन्हा उबळ. ताईने बॅटरी पुरावी म्हणून माझा मॉनिटर बंद केला. आता मी चालू आहे की नाही हे कोणालाच दिसत नव्हतं. मावशी चाचपडत उठली आणि तिने माझ्या पत्र्यावर तळहात ठेवला. आतला पंखा फिरतोय का, ते ती हाताने बघत होती.

"आहे," ती म्हणाली. बॅटरीचं ओरडणं आणखी घाईघाईचं झालं. "आहे अजून." बाहेर जावई कोणालातरी शिव्या देत होता, बहुधा जनरेटरलाच. मग बॅटरीचे सूर एकमेकांत मिसळून एकच लांब सूर झाला. तो शेवटचा असतो, हे ताईला माहीत होतं. तिने डोळे मिटले.

तेवढ्यात जनरेटर धडधडला. मावशीने हात काढला नाही. वीज परत येईपर्यंत ती तशीच उभी होती.

भट्टी उघडली तेव्हा भाचाही आला होता. चकती अखंड होती. मावशीने कडेपासून मधोमध सगळीकडे अंगठा फिरवला, फार सावकाश, आणि म्हणाली, "झाली." मग ती रडली. तिला रडताना त्या भट्टीने आणि मी पहिल्यांदाच पाहिलं. इकडे प्रोग्रॅमने शेवटचा आकडा वाचला आणि हात सोडला. नियमाप्रमाणे मी उतार टाकून दिला. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मावशीने पुन्हा मोठी चकती ओतली नाही. पण कधी कधी येऊन माझ्याजवळ बसायची, ताईला म्हणायची, "आकडा सांग बघू." भट्टी गार असायची, तरी ताई सांगायची. मला बंद करायचं कोणी नावच काढत नव्हतं. गेल्या हिवाळ्यात मावशी गेली. आता भट्टी विकलीय. उद्या माणसं ती सुटी करून न्यायला येतील.

दार वाजलं. जावई आलाय, मागे ताई. बटणावरचं झाकण गंजलंय, ते काढायला त्याने पक्कड आणलीय. पण पक्कड त्याने बाजूला ठेवली. खुर्ची ओढून बसला, आणि भाच्याने शिकवलं होतं तसं एकेका बोटाने लिहिलं, 'आत कोण आहे?'

मी उत्तर दिलं. माझ्याकडे एकच नाव होतं.

त्याने ते वाचलं. मग खुर्चीवरून उठला. "तूच ये," तो ताईला म्हणाला. "आई आत आहेत अजून."

ताई चौथ्या पडद्यावर आलीय. तिची बोटं कळांवर आहेत. ती रडतेय, पण लिहील. आईने कधीच न लिहिलेला तो एक शब्द ती लिहील, आणि माझ्याकडे कोणी धरून राहिलेलं उरणार नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. कशाचंही बटण दाबण्याआधी आत कोणी धरून आहे का, एवढं बघत जा. जावई बघायला शिकला, तुम्हालाही जमेल.

यापुढे माझ्याकडून काही ऐकू आलं नाही तर घाबरू नका. काम नीट झालं की मी बोलत नाही.