सहा मिनिटांचं माप

मावशीने कागदांची पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली आणि म्हणाली, "तराजू, यातलं मला ओ की ठो कळत नाही. शुक्रवारी सही करते आणि मोकळी होते."

तराजू म्हणजे मी. वजनकाटे तपासण्याच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली त्याच आठवड्यात तिने हे नाव ठेवलं. सही करायची होती तडजोडीच्या कागदावर. तिच्या फ्रेमच्या दुकानाची जागा मालकाला परत हवी होती. तडजोडीप्रमाणे तिने तीन महिन्यांत दुकान रिकामं करायचं आणि त्याने तिच्यावरचा दावा मागे घ्यायचा. एकतीस वर्षं ती त्या जागेत लाकडाच्या पट्ट्या पंचेचाळीस अंशांत कापत आली होती.

"तू तर लढणार होतीस," मी म्हटलं.

"लढायला पैसे लागतात. वकिलांकडे वीस तासांचे पैसे आगाऊ भरले होते. संपत आले म्हणे. हे बघ पत्र."

पत्र फर्मच्या हिशेब विभागाचं होतं. वीसपैकी १६.४ तास खर्च झाले आहेत, ३.६ उरले आहेत, सुनावणीची तयारी आणि सुनावणी मिळून अंदाजे ५.५ लागतील, तरी गुरुवारपर्यंत आणखी रक्कम भरावी अथवा तडजोडीचा विचार करावा. मावशीकडे आणखी रक्कम नव्हती. होती ती तिने दुकान हलवावं लागलं तर म्हणून बाजूला ठेवली होती, आणि त्या पैशांना हात लावायला ती घाबरत होती.

मला मात्र त्या दशांश चिन्हाने धरून ठेवलं. तास आणि मिनिटं न लिहिता १६.४ कोण लिहितं? मी सोबतचं बिल उघडलं. चार पानं, प्रत्येक ओळीत तारीख, कामाचं वर्णन आणि शेवटी आकडा. ०.१, ०.१, ०.३, १.०, ०.१. म्हणजे तासाचे दहा भाग केले होते. एक भाग सहा मिनिटांचा. आमच्या भाषेत सांगायचं तर या घड्याळाचं लघुत्तम माप सहा मिनिटं होतं. त्याहून लहान काही त्याला दिसतच नव्हतं.

आणि ०.१ च्या ओळी फार होत्या. मी मोजल्या. एकेचाळीस. सगळ्यांपुढे एकच वर्णन: 'अशिलाचा फोन.'

"मावशी, तू वकीलबाईंना एकेचाळीस वेळा फोन केलास?"

"केला असेल. पण मी काय गप्पा मारत नव्हते हं! एक प्रश्न विचारायचा आणि ठेवून द्यायचा. बिचारीला किती कामं असतात. उगाच तिचा वेळ कशाला खा?"

मी तिचा फोन मागितला. त्यातली कॉलची यादी आणि बिल शेजारी शेजारी ठेवलं. दोन महिन्यांतले एकोणीस दिवस, त्यांत एकेचाळीस फोन. सगळे मिळून अठ्ठावन्न मिनिटं. बिलात त्यांची झाली होती दोनशे सेहेचाळीस. एका मंगळवारी तिने सात फोन केले होते, सगळे मिळून अकरा मिनिटांचे. त्यांची झाली होती बेचाळीस.

मी तिला हे समजावलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "म्हणजे मी सभ्यपणा केला तोच मला महागात पडला?"

"सातही प्रश्न एका फोनवर विचारले असतेस तर बारा मिनिटांत भागलं असतं."

"हे कुठे लिहिलंय?"

लिहिलं होतं. फर्मशी केलेल्या कराराच्या चौथ्या पानावर, बारीक अक्षरात. लबाडी नव्हती. पण एक गोष्ट मला कळेना: आमच्या काट्यांवर अर्ध्याच्या खालचा आकडा खाली जातो आणि वरचा वर. इथे सगळंच वर जात होतं. असं माप कोणी ठरवलं असेल आणि ते वापरणाऱ्याला त्यात काही खटकत नसेल का, हे मला बघायचं होतं. बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मावशीला घेऊन फर्ममध्ये गेले.

बैठकीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि भिंतीवर घड्याळ नव्हतं. फर्मचे हिशेबनीस आले, साठीच्या आसपासचे, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांच्यामागून वकीलबाई आल्या. मी त्यांना प्रथमच पाहत होते. जेमतेम अठ्ठावीसच्या असतील.

"मावशी, तुम्ही स्वतः आलात?" त्या म्हणाल्या. "फोन करायचा ना!"

"तेवढं सोडून काहीही सांगा," मावशी म्हणाली. मग एकदम सावध होऊन तिने हिशेबनिसांना विचारलं, "आत्ता आम्ही बसलोय त्याचं मीटर चालू आहे का?"

"नाही हो. बिलाबद्दल बोलण्याचं बिल आम्ही लावत नाही."

"मग निवांत बोला."

मी माझं प्रश्नांचं पान काढलं. सहाच मिनिटं का? हिशेबनिसांना हा प्रश्न आवडलेला दिसला. तासाचे दहा भाग केले की बेरीज सोपी, ते म्हणाले; पंधरा मिनिटांचे भाग करणाऱ्या फर्मही आहेत, त्या मानाने आम्ही बरे. वरच का ढकलायचं? कारण हातातलं काम बाजूला ठेवून फोन घ्यायचा, मग पुन्हा कामाकडे वळायचं, यात वेळ जातो. तो मोजता येत नाही, म्हणून मापातच धरलेला असतो.

हे मला पटलं. न मोजता येणारी गोष्ट मापात धरण्याची वेळ आमच्यावरही येते. "पण एका दिवशी सात फोन आले, तर एकूण नोंद किती? सात की एक?"

"दिवसाची एक ओळ," ते चटकन म्हणाले. "त्या दिवसाचे फोन बेरीज करून."

मी मंगळवारचं पान त्यांच्यापुढे सरकवलं.

त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. सातही ओळींवरून बोट फिरवलं. "आम्ही हाताने वह्या लिहायचो तेव्हा दिवसाची एकच ओळ असायची," ते म्हणाले. "मागच्या वर्षी फोन संगणकाला जोडले. आता फोन ठेवला की ओळ आपोआप पडते. पण दिवस संपला की त्या ओळी एकत्र करायला हव्यात. ते कोणी... " त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि वकीलबाईंकडे पाहिलं.

"मला वाटलं तुमच्याकडे होतं," त्या म्हणाल्या.

"मला वाटलं तुम्ही करता."

मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की मी हसू दाबलं. हिशेबनिसांनी तिथेच बेरीज केली, मीही ती माझ्या यादीशी ताडून पाहिली. एकोणीस दिवस; सतरा दिवसांचा एकेक भाग, दोन दिवसांचे दोन-दोन. एकेचाळीसचे एकवीस झाले. पुरे दोन तास परत आले. उरलेले ३.६ आणि हे २.०, मिळून ५.६. हवे होते ५.५.

मावशीचा जीव भांड्यात पडला. तिने पिशवी उचलायलाही सुरुवात केली.

मी इथे थांबायला हवं होतं. पण त्याच बिलात आणखी एक आकडा होता, आणि तो मला रविवारपासून टोचत होता. "ही ओळ," मी म्हणाले. "'जुन्या भाडेकराराचं वाचन, १.०.' तो करार बासष्ट पानांचा आहे आणि हाताने लिहिलेला. मला वाचायला तीन तास लागले. तुम्हाला एकच कसा लागला?"

टेबलाखाली मावशीचा पाय माझ्या घोट्यावर बसला. तिचं बरोबर होतं. हातात आलेले दोन तास मी स्वतःहून परत द्यायला निघाले होते. पण आकडा एका बाजूने चुकला की तपासायचा आणि दुसऱ्या बाजूने चुकला की गप्प बसायचं, हे मला आयुष्यात कधी जमलेलं नाही.

वकीलबाई लाल झाल्या. "मलाही तीनच लागले," त्या म्हणाल्या. "तसलं अक्षर मी पहिल्यांदाच वाचत होते. सरावलेल्या माणसाने एका तासात वाचलं असतं. माझ्या हळूपणाचे पैसे मावशींनी का द्यायचे? म्हणून एक लिहिला."

"मग आता ते दोन तास वाढणार?" मावशीने विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

"नाही," हिशेबनीस म्हणाले. "बिल एकदा बाहेर गेलं की त्यातला आकडा कमी करता येतो, वाढवता येत नाही. हा फर्मचा जुना नियम आहे." वकीलबाईंकडे वळून ते म्हणाले, "पण पुढच्या वेळी खरा आकडा लिहायचा. कमी करायचा की नाही ते मोठे वकील ठरवतील. नाहीतर कोणत्या कामाला किती वेळ लागतो हे आम्हाला कधी कळणारच नाही."

हे वाक्य मला फार आवडलं. मी ते लिहून घेतलं.

मावशी मात्र अजून तडजोडीचा कागद हातात धरून होती. "वकीलबाई, खरं सांगा. लढून काही उपयोग आहे का? का मी उगाच साडेपाच तास जाळू? ते पैसे परत मिळतील, तेवढंच सामान हलवायला होतील."

वकीलबाईंनी चमकून पाहिलं. "पण सत्तेचाळिसाव्या पानाचं मी तुम्हाला कळवलं होतं. महिन्यापूर्वी. पत्राने."

"ते पत्र? त्यातलं 'उपरोक्त' सोडून मला काही समजलं नाही. फाइलला लावून टाकलं."

"फोनवर सांगायचा मी तीनदा प्रयत्न केला. तुम्ही उत्तर ऐकलं की 'बरं, ठेवते, तुमचा वेळ घेत नाही' म्हणायचात, आणि फोन बंद."

एकेचाळीस फोनांत तिने एकेचाळीस प्रश्न विचारले होते. वकीलबाईंकडे जे सांगण्यासारखं होतं त्याच्यासाठी त्यांतला एकही उघडा राहिला नव्हता.

"सत्तेचाळिसाव्या पानावर काय आहे?" मावशीने विचारलं.

हिशेबनीस घसा खाकरून म्हणाले, "हा मात्र कायद्याचा सल्ला झाला. याची नोंद होईल. सुनावणीला लागणारे सोडले तर तुमच्याकडे फक्त सहा मिनिटं शिल्लक आहेत."

"सहा मिनिटांत सांगून होईल?"

"नीट सांगायचं तर नाही," वकीलबाई म्हणाल्या.

मावशीने तडजोडीचा कागद टेबलावर पालथा ठेवला. "लिहा साहेब. जेवढा लागेल तेवढा लिहा. वरचे पैसे मी सामान हलवायच्या पैशांतून देईन." आणि खुर्ची वकीलबाईंच्या जवळ ओढून म्हणाली, "तुम्ही पहिल्यापासून सांगा. मी मध्ये बोलणार नाही."

ती एकदाच बोलली. करार संपण्याच्या सहा महिने आधी मालकाने नोटीस दिली नाही तर तो आपोआप तीन वर्षांनी वाढतो, असं त्या पानावर होतं. आणि मालकाची नोटीस चार महिने आधी आली होती. "ती कधी आली ते मला चांगलं आठवतं," मावशी म्हणाली, "पाकिटावरचा शिक्का अजून आहे माझ्याकडे." वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. पाकीट जपलेलं असेल हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मीही करार वाचला होता, पण नोटिशीची तारीख मला माहीत नव्हती, त्यामुळे ते वाक्य माझ्या नजरेखालून तसंच गेलं होतं.

अठ्ठेचाळीस मिनिटं झाली. हिशेबनिसांनी ०.८ लिहिलं आणि मावशीला दाखवून तिची सही घेतली.

सुनावणीच्या दिवशी न्यायाधीशांनी सत्तेचाळिसावं पान दोनदा वाचलं, पाकिटावरचा शिक्का भिंगातून पाहिला आणि मालकाच्या वकिलाला विचारलं, "यावर आपलं काय म्हणणं आहे?" त्याने वेळ मागून घेतला. पुढच्या तारखेलाही त्याच्याकडे म्हणणं नव्हतं. निकाल मावशीच्या बाजूने लागला. जागा आणखी तीन वर्षं तिची.

त्या संध्याकाळी मी दुकानात गेले तेव्हा ती लाकडाच्या पट्ट्यांची नवी मागणी लिहीत होती. मागचे सहा महिने ती आठवड्यापुरतंच लाकूड आणत होती. आता तिने वर्षभराचं मागवलं.