सरळ वाणाचा गेम
मानोऱ्यात माझं बियाण्याचं दुकान आणि इमरानचं कॉम्प्युटरचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे, तीही अर्धी. त्यामुळे त्याच्याकडचं भांडण मला विकत घ्यावं लागत नाही, फुकट ऐकू येतं.

करण राठोड जवळच्या तांड्यावरचा. दर हिवाळ्यात उसाचा ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावर जातो. तिथं वजनकाट्यावर नंबर लागायला कधी कधी दीड दिवस जातो. त्या रिकाम्या वेळासाठी त्यानं जुना लॅपटॉप घेतला आणि चौदाशे रुपयांचा एक गेम. उजाड माळावर गाव वसवायचं, पाणी आणायचं, रस्ते काढायचे, असा. तांड्यावरचे हसले. इमरान तोच गेम पेनड्राइव्हवर शंभरात देत होता. करण म्हणाला, "चोरीचा नाही पायजे मले."

कारखान्यावर तिसऱ्या दिवशी गेम बंद पडला. पडद्यावर ओळ आली, आपण खरे ग्राहक आहात का ते तपासायचं आहे, नेट जोडा. ट्रॉल्यांच्या त्या गर्दीत रेंज कुठली? करण फोन घेऊन उसाच्या मोळ्यांवर चढला, हात वर करून उभा राहिला, उतरला. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याकडे चोरीचा गेम होता. तो मजेत रस्ते काढत बसला होता.

हंगाम संपवून करण आला तो इमरानच्या काउंटरवर हात आपटतच.

"पैसे म्या देल्ले अन् चोर बी मीच? त्याले कोनी पुसत नाही! काहून?"

"तू शरीफ आहेस म्हनून," इमरान म्हणाला. "चोर तं कुलूप तोडूनच घेते भाऊ. कुलूप लागते थे तुह्यासारख्याले."

तेव्हापासून करण दर महिन्याला कंपनीला पत्र लिहायला लागला. तो सांगायचा, इमरान इंग्रजीत टाकायचा. बिनकुलपाचा गेम काढा, मी पुन्हा पैसे भरतो, माझ्याकडून एकही नक्कल बाहेर जाणार नाही, माझी जबान. आपण चोर नाही हे दाखवायला एकाच वस्तूचे दोनदा पैसे मोजणारं गिऱ्हाईक माझ्या दुकानात आजवर भेटलं नाही. भेटलं असतं तर मी त्याला उठून पाणी दिलं असतं. कंपनी दरवेळी कळवायची, आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. अशी अडीच वर्षं गेली, आणि मग एकदाचं उत्तर आलं, बिनकुलपाचा गेम काढतो आहोत.

बिनकुलपाचा म्हणजे काय, हे लोक विचारत आणि करणला सांगता येत नसे. मग मीच तोंड घातलं. "सरळ वाण म्हण ना. हायब्रीड दरसाल माझ्याचकडून न्यावं लागतं. सोयाबीनचं सरळ वाण एकदा नेलं की घरचं बियाणं ठेव, पुढच्या साली पेर. कोणाला विचारायचं काम नाही." करण खूश झाला. सरळ वाणाचा गेम येणार हे महिनाभरात पाच तांड्यांवर पोचलं.

मागच्या मंगळवारी तो गेम आला. जुन्या गिऱ्हाइकांनाही नव्यानं पैसे. करणनं कंपनीला एक शिवी घातली आणि पैसे भरले. इमरानच्या मशीनवर उतरवायला लावून तो ट्रॅक्टरचा टायर बघायला गेला. दुपारी परतला तेव्हा काउंटरपुढे निवृत्त मास्तर बबनराव पेनड्राइव्ह लावून उभे होते. त्यांच्यामागे तिघं.

"हे काय चालू राह्यलं?"

"सरळ वाण आलं म्हने," बबनराव म्हणाले. "घरचं बियानं शेजाऱ्याले कोनी नाही म्हनते काय? तुह्या बापानं नेलं होतं माह्या वावरातलं."

करण भिंतीवरून माझ्याकडे वळला. मी पावतीपुस्तकात डोकं घातलं.

"काका! हे तुमी शिकवलं!"

"मी ठेवायचं सांगितलं रे. वाटायचं नाही."

"बियानं म्हटल्यावर लोकं वाटतेच ना! तुमाले मालूम नव्हतं?"

मालूम होतं. बियाणं विकता विकता केस पिकले माझे.

"अबे, आता कुलूप नाही तं भेव कायचं?" इमरान म्हणाला. "कंपनीले काय मालूम पडते?"

"मालूम पडत नाही म्हनूनच!" करणनं पेनड्राइव्ह ओढून काढला. "अडीच साल म्या लिवलं, आमी चोर नाही. तुमाले एक घंटा दम नाही निघाला? माही जबान म्हनून कोन लिवलं? तूच ना?"

"माह्या नातीचे फोटो होते त्याच्यात!" बबनराव ओरडले.

"मंग फोटोच ठेवा! किती गेले, इमरान?"

"दोन."

"कोन नेले?"

इमराननं नावं सांगितली. एक हरीओम, दुसरा मुन्ना. करण दारापर्यंत गेला आणि थांबला. दुसऱ्याच्या घरात गेलेली नक्कल कशी ओढून काढणार, हे त्याला तिथं उभ्या उभ्या कळलं असावं. त्यानं दाराच्या चौकटीवर मूठ हाणली. मागचे तिघं एकेक करून सटकले.

तो परत आला, स्टूल ओढून बसला.

"लिव."

"काय?"

"माह्या गेमच्या दोन नकला बाहेर गेल्या. लिव."

"पागल झाला काय बे? उद्या परत कुलूप लावतीन थे लोकं! अडीच साल पान्यात!"

"लावू दे."

"कोनी इचारलं बी नाही तुले!"

"जबान देतानी तरी कुठं इचारलं होतं? लिव, नाही तं दुसऱ्या दुकानात जातो."

इमराननं कीबोर्ड पुढं ओढला. मग त्यानं हळूच विचारलं, "चोर म्हनून नाव कोनाचं टाकू? मुन्नाचं?"

"माहं टाक," करण म्हणाला. "अन् तुहं बी."