चाचीनं हुंगलं की पास

"अकरा वर्सांत एक वाटी सांडली नाय हिनं, आन् या महिन्यात हे तिसरं पातेलं!" फडकं पिळता पिळता बायजा पुटपुटली. पुटपुटली कसली, शेजारी स्टुलावर बसलेल्या हवाबीच्या कानातच बोलली.

ठकी खाली मान घालून फरशीवरचं खोबऱ्याचं वाटण गोळा करत होती. "हात निसटला गं," एवढंच म्हणाली.

हवाबीनं मनातल्या मनात मोजलं. तिन्ही वेळा पातेलं निसटलं होतं ते तिनं "पास" म्हटल्यावरच.

कर्जतच्या या डबेवाल्या गटात कायदा एकच. चाचीनं, म्हणजे हवाबीनं, हुंगलं की पास, त्याशिवाय डबा भरायचा नाही. एकदा तर आमटी विटल्याचं तिनं उंबऱ्यावरूनच ओळखलं होतं, पायातल्या चपला काढायच्या आधी. मग गेल्या वर्षी ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. पण नवरा गेल्यापासून सकाळी उठायला या स्टुलाखेरीज तिला दुसरं कारण नव्हतं. म्हणून ती वाफेत तोंड घालायची, फेस आलाय का बघायची आणि अल्लाचं नाव घेऊन "पास" म्हणायची.

दुपारी बायजाची सून सुरभी कागद घेऊन बसली. एका शाळेला दोनशे मुलांचं जेवण हवं होतं. त्याआधी गटानं लिहून द्यायचं होतं, आपण कुठला धोका पत्करणार आणि कुठवर खपवून घेणार.

"नवा पदार्थ करून बघायचा का?"

"बघायचा की," बायजा म्हणाली. "फसला तर पोरं नावं ठेवतील, दुसरं काय!"

"उशीर?"

"टेंपो फाटकात अडकला तर धा मिनटं. त्याच्यापुढं मीच डोक्यावरनं नेईन."

"मीठ?"

"चिमूटभर इकडंतिकडं. तुझ्या हातचं असलं तर मूठभर."

सगळ्या हसल्या.

"विटलेलं अन्न?"

"शून्य!" तिघी एकदम म्हणाल्या.

"आणि विटलंय हे कोण ठरवणार? तेही लिहायचंय."

बायजाला एकाएकी फडक्यात भोक दिसलं. ठकी पुसलेली फरशी पुन्हा पुसायला लागली. सुरभीचं पेन कागदावर टेकलं ते टेकलंच. तिघी मिळून आपल्याकडं बघत नाहीत म्हणजे काय, हे हवाबीला कळलं. नाक गेलं होतं, अक्कल नव्हती गेली.

दोनशे पोरं. आणि ठकीचा हात दर वेळी वेळेवर निसटेलच असं कुठं होतं?

"ठकी, वाटण विटलं होतं ना गं?"

"जरासं, चाची."

"मग बोलली का नाय?"

"बोलले असते तर तुमी उठून घरी गेल्या असत्या."

"आन् मग आमाला शिव्या कुणी घातल्या असत्या?" बायजानं डोळ्यांना पदर लावत विचारलं.

हवाबीनं छाती भरून श्वास घेतला. वास कसलाच आला नाही, पण वर्षभरात इतका मोकळा श्वास तिनं घेतला नव्हता.

"लिही गं सुरभी. हुंगणार ठकी आणि बायजा, दोघी. एक जरी नाय म्हणाली, तरी ओतून टाकायचं. पातेलं उतरल्याची वेळ मी लिहिणार, इथंच बसून. आणि खाली हेही लिही, म्हणजे पुन्हा कुणाला पातेलं पाडायला नको. हवाबीला वास येत नाय. वर्ष झालं."